‘बोर्ड गेला’, पण कशानं?

लेखमाला : संगणक आपल्या हाती
लेखांक ११

सोलापुरात बंद पडलेला पीसी कुणालाही दाखवा, दोनपैकी एक उत्तर हमखास मिळतं. चालू होऊन अडखळत असेल तर ‘विंडोज उडालंय’ आणि चालूच होत नसेल तर ‘बोर्ड गेला’. विंडोजचं आपण आधीच्या लेखांकांत पाहिलं. आज बोर्डाकडे वळू, म्हणजे मदरबोर्डाकडे.

‘बोर्ड गेला’ हे निदान सांगणाऱ्याला फार सोयीचं असतं. ग्राहकाला ते पडताळता येत नाही. शिवाय नवा बोर्ड बसवला की पीसी बहुतेक वेळा चालू होतोच, त्यामुळे निदान बरोबर ठरल्यासारखं वाटतं. पण बोर्ड बदलताना रॅम निघून पुन्हा बसते, सगळे कनेक्टर सुटून पुन्हा लागतात, धूळ झटकली जाते, प्रोसेसरची पेस्ट नवी होते, बटणासारखी बॅटरी नवी येते. यातल्या एखाद्या गोष्टीनंच काम भागलं असतं का, हे मग कुणी विचारत नाही. जुना बोर्ड दुकानात राहतो आणि बरेचदा दुसऱ्याच कुणाच्या तरी पीसीत सुखानं चालतो.

याची दुसरीही बाजू आहे. बोर्ड खरोखरच गेलेला असतो, नवा बसतो, पैसे दिले जातात आणि वर्ष-दीड वर्षात तोही जातो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात ऐन उन्हाळ्यात मला असाच पीसी बघायला बोलावलं होतं. मालक वैतागलेले. “सर, मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीत नवा बोर्ड घातलाय. आता परत नुसता पंखा फिरूलालाय, स्क्रीन येईना. कंपनीच भंगार म्हणायची का ही?” हिशेब सांभाळणाऱ्या ताईंची काळजी वेगळी होती : टॅलीतलं सगळं आहे ना, तेवढं सांगा. त्यांना आधी उत्तर दिलं, कारण ते सोपं होतं. डेटा डिस्कवर असतो, मदरबोर्डवर नाही. बोर्ड गेला तरी डिस्क काढून दुसऱ्या पीसीला लावली की हिशेब जिथल्या तिथं सापडतात. मालकांच्या प्रश्नाला मात्र सगळी दुपार लागली.

पीसीचं बटण दाबल्यापासून स्क्रीनवर अक्षर उमटेपर्यंत काय घडतं, त्याचा क्रम डोक्यात पक्का असला की निम्मी दुरुस्ती झाली. प्लग चालू असतो तेव्हा पीसी बंद असला तरी एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, बोर्डाला ५ व्होल्टचा एक बारीक प्रवाह देतच असतो. जांभळी वायर त्याचीच. बटण दाबलं की बोर्ड हिरव्या वायरीवरचा व्होल्टेज शून्यावर ओढतो, म्हणजे एसएमपीएसला ‘चालू हो’ असं सांगतो. मग १२, ५ आणि ३.३ व्होल्ट सुरू होतात, पंखे फिरतात. व्होल्टेज स्थिरावले की एसएमपीएस एका वेगळ्या वायरीवरून ‘सगळं ठीक’ असा संकेत देतो. याला साधारण १०० ते ५०० मिलिसेकंद लागतात. दरम्यान बोर्डावरचा व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरभोवतीचा कॉइल, मॉस्फेट आणि कपॅसिटरांचा घोळका, १२ व्होल्टचे साधारण १ व्होल्ट करून प्रोसेसरला देतो. व्होल्टेज कमी पण प्रवाह कित्येक अँपिअर, त्यामुळे बोर्डाचा हाच भाग सगळ्यात जास्त तापतो आणि सगळ्यात आधी थकतो. व्होल्टेज मिळाला की प्रोसेसर जागा होतो, बायोस चिपमधल्या सूचना वाचायला लागतो, रॅम तपासतो, ग्राफिक्स तपासतो आणि मग स्क्रीन उजळते.

म्हणजे पंखा फिरतोय याचा अर्थ एवढाच की एसएमपीएसला ‘चालू हो’ हा निरोप पोचला. पुढं गाडी कुठं अडली ते अजून शोधायचं असतं. ‘पंखा फिरतोय म्हणजे सप्लाय ओके, म्हणजे बोर्डच’ या एका वाक्यात मधल्या चार पायऱ्या गिळल्या जातात.

शोध बाहेरून आत करायचा. मॉनिटरची केबल पीसीच्या कुठल्या पोर्टाला लागलीय ते बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या पीसीत ती बोर्डाच्या पोर्टाला लावून ‘डिस्प्ले नाही’ म्हणणारे कमी नाहीत. मग प्लग काढून, बटण एकदा दाबून उरलासुरला चार्ज घालवून, कॅबिनेट उघडा. प्रोसेसरजवळ चार किंवा आठ पिनांचा एक वेगळा पॉवर कनेक्टर असतो. तो ढिला असेल तर पंखे झकास फिरतात आणि प्रोसेसर मात्र उपाशी. मोठा २४ पिनांचाही दाबून बघा.

मग रॅम. रॅमचा पाय खोडरबरानं घासायचा ही आपल्याकडची सर्वमान्य पद्धत आहे आणि तिनं पीसी चालू होतात यात वाद नाही. पण त्या पायांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. दर महिन्याला रबर चालवलं तर तो झिजतो, आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला तर नवीच कटकट. औषधाच्या दुकानात किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते सुती कापडावर घेऊन पुसलं की काम होतं. रबर नाइलाजालाच.

रॅमवरून एक छान परीक्षा करता येते आणि ती फुकट आहे. सगळ्या रॅम काढून टाका आणि पीसी चालू करा. बोर्डाला छोटा बझर लावलेला असेल तर तो ओरडायला हवा. ओरडला, तर खूश व्हा : एसएमपीएस ठीक, प्रोसेसर जिवंत, बायोस वाचलं जातंय, आणि रॅम नाही एवढं कळण्याइतका बोर्डही शुद्धीवर आहे. मग संशय रॅमवर, स्लॉटवर किंवा ग्राफिक्सवर. मेलेला बोर्ड रॅम नाही म्हणून तक्रार करत नाही. हल्लीच्या पीसीत बझर येत नाही, पण तो वीस-तीस रुपयांना मिळतो आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या पिशवीत नसेल तर मला जरा शंका येते. नव्या बोर्डांवर त्याऐवजी चार बारीक दिवे असतात, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट यांचे. ज्याच्यापाशी दिवा अडतो तिथं बघायचं.

कारखान्यातला बोर्ड रॅम काढल्यावरही गप्पच राहिला. पण एवढ्यावर बोर्डाला दोषी ठरवायचं नसतं. बायोसची बॅटरी, सीआर२०३२ नावाची, नवी असताना ३ व्होल्टच्या थोडी वर असते, ती २.२ वर आली होती. बदलली, बायोसची सेटिंग पुसली. फरक नाही. एसएमपीएसचे व्होल्टेज मल्टीमीटरनं बघितले. इथं पाच टक्के इकडंतिकडं चालतं : १२ ची वायर ११.४ ते १२.६, ५ ची ४.७५ ते ५.२५, आणि ३.३ ची साधारण ३.१४ ते ३.४७. सगळे हद्दीत होते, तरीही खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून पाहिला, कारण मल्टीमीटर सरासरी दाखवतो, झटका दाखवत नाही. तरीही पंखा फिरतोय, स्क्रीन काळी. मग बोर्ड कॅबिनेटमधून काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवला. ही पायरी पुष्कळ जण गाळतात. कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली पितळी खुंट्या असतात. एखादी जादा खुंटी भलत्या जागी राहिली किंवा स्क्रू मागं पडला की बोर्डाची पाठ शॉर्ट होते. बाहेर काढल्यावर बोर्ड चालू झाला, तर दोष बोर्डात नसून त्याच्या बैठकीत असतो. पुठ्ठ्यावर फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि मॉनिटर. बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर जोडायच्या, म्हणजे कॅबिनेटचं बटण बिघडलं असेल तर तेही कळतं.

पुठ्ठ्यावरही तो गप्प. पण उजेडात आल्यावर कारण दिसलं. प्रोसेसरशेजारच्या कपॅसिटरांची डोकी सपाट असायला हवीत. तिघांची फुगून वर आली होती आणि एकाच्या बुडाशी तपकिरी डाग वाळला होता. बोर्ड खरंच गेला होता.

या फुगलेल्या डबड्यांनी एकेकाळी जगाला घाम फोडलाय. साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष इलेक्ट्रोलाइट भरलेले कपॅसिटर फार मोठ्या संख्येनं बाजारात आले. ते आतून वायू धरायचे, फुगायचे, फुटायचे. डेलसारख्या कंपनीनंही २००३ ते २००५ च्या दरम्यान असे कपॅसिटर असलेले ऑप्टिप्लेक्स पीसी लाखोंनी विकले आणि दुरुस्तीच्या खर्चापोटी ३० कोटी डॉलर बाजूला काढले. त्या लाटेनंतर चांगल्या बोर्डांवर द्रव नसलेले सॉलिड कपॅसिटर आले आणि हा रोग बराच आटोक्यात आला. स्वस्तातल्या बोर्डांवर मात्र अजूनही जिथं जमेल तिथं जुन्या जातीचे कपॅसिटर बसतात. ओळखायची खूण सोपी आहे : डोक्यावर फुलीसारखी किंवा इंग्रजी के अक्षरासारखी चीर असेल आणि अंगावर प्लॅस्टिकचा रंगीत सदरा असेल तर तो द्रवाचा; अंग उघडं, चकचकीत आणि डोक्यावर फक्त रंगाचा पट्टा असेल तर बहुधा सॉलिड.

द्रवाच्या कपॅसिटरचं आयुष्य उष्णतेशी बांधलेलं असतं आणि त्याचा हिशेब आपल्या गावाला अंगावर येण्यासारखा आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. कपॅसिटरवर ‘१०५ अंश’ छापलेलं असतं आणि त्या तापमानाला त्याची हमी, समजा, २००० तासांची असते. तोच ५५ अंशांत राहिला तर पाच वेळा दुप्पट, म्हणजे ६४,००० तास. ६५ अंशांत राहिला तर ३२,०००. पीसी रोज १० तास आणि वर्षाचे ३०० दिवस चालला तर वर्षाला ३००० तास होतात, म्हणजे कागदावर एकवीस वर्षं विरुद्ध दहा-साडेदहा. दोन्ही पुरेसे वाटतात. पण तिथं ८५ अंशांचा, १००० तासांचा स्वस्त कपॅसिटर असेल तर ६५ अंशांत तो ४००० तास टिकतो, म्हणजे सव्वा-दीड वर्ष. मालकांचा बोर्ड जवळपास तेवढाच टिकला होता. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४४ पर्यंत चढतो, पत्र्याच्या शेडला लागून असलेल्या ऑफिसात त्याहून जास्त, आणि कॅबिनेटच्या आत प्रोसेसरशेजारी काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

आणि इथं तर प्रोसेसरचा कूलरच गुदमरला होता. टॉवेलच्या कारखान्यात हवेत कापसाचा बारीक तंतू सतत उडत असतो. तो पंख्यातून जातो आणि कूलरच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांवर अडकतो. मी पंखा उचलला तर खाली पात्या दिसतच नव्हत्या; करड्या रंगाची जाड सलग गादी होती, चिमट्यानं धरली तर अख्खी उचलून आली, पात्यांचे ठसे उमटलेले. वरून पंखा जोरात फिरत होता, हवा मात्र आत शिरत नव्हती. घरातली धूळ अशी गादी करत नाही, ती भुग्यासारखी पडते. अशोक चौक, साईबाबा चौक, घरकुल, एमआयडीसी, जिथं जिथं मागच्या खोलीत माग आणि पुढच्या खोलीत पीसी आहे, तिथं ही गादी ठरलेली. तिला जून-जुलैची ओल लागली की ती पाणी धरून ठेवते आणि बोर्डावरच्या बारीक रेषांना गंज चढवते. महिन्या-दोन महिन्यांनी ब्लोअर मारणं एवढाच उपाय. मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. ब्लोअरच्या जोरात पंखा भन्नाट फिरला तर तो उलटा जनित्रासारखा वागतो आणि बेअरिंगही खातो.

इथं थांबलो असतो तर निदान पूर्ण वाटलं असतं : उष्णता, तंतू, स्वस्त कपॅसिटर. पण पीसी काढताना ताई सहज म्हणाल्या, “सर, त्या डब्याला हात लावला की मुंग्या येतात, म्हणून मी पायात चप्पल घालूनच बसते.” खरी मेख ती होती.

एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून कॅबिनेटच्या पत्र्यापर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. पत्रा अर्थिंगला जोडलेला असला की गळणारा बारीक प्रवाह जमिनीत जातो आणि कुणाला काही कळत नाही. अर्थिंग नसेल तर पत्रा या दोघांच्या बरोबर मध्ये लटकतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. प्रवाह मिलिअँपिअरच्याही अंशात असतो, म्हणून माणूस दगावत नाही, मुंग्या येतात. पण एकाच तुटक्या अर्थिंगवर पाच-सहा पीसी असले की सगळ्यांची गळती एकत्र होते. आता या पीसीला दुसरीकडून अर्थ मिळालेला मॉनिटर, प्रिंटर किंवा सीसीटीव्हीचा डीव्हीआर जोडा. पत्र्यावरचा व्होल्टेज वाट शोधतो, आणि ती वाट एचडीएमआयच्या किंवा यूएसबीच्या नाजूक चिपमधून जाते. चालू पीसीला केबल लावताना ‘चट्’ असा बारीक ठिणगीचा आवाज आला असेल तर तो हाच. पोर्ट जातो, कधी चिपसेटही घेऊन जातो.

सोलापुरात हे जास्त का दिसतं? जमीन. वर पातळ माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. अर्थिंगच्या खड्ड्यात ओल असेपर्यंत तो वीज पिऊन घेतो. मार्च उलटला की खड्डा कोरडा ठणठणीत होतो आणि त्याचा रोध वाढत जातो. पूर्वी खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून वर नरसाळं ठेवायचे, उन्हाळाभर त्यात पाणी ओतायचे. बऱ्याच कारखान्यांत ते नरसाळं अजून आहे, पाणी ओतणारा माणूस निवृत्त झालाय. पिण्याच्याच पाण्याला चार-पाच दिवस थांबायची सवय असलेल्या गावात जमिनीला पाणी पाजा म्हणणं जरा कसंतरीच वाटतं, पण तसं करावं लागतं. भांडी धुतलेलं पाणीही चालतं.

मोजमाप साधं आहे, पण ते वायरमनकडूनच करून घ्या. उघड्या सॉकेटात मल्टीमीटरच्या टोच्या घालणं नवख्याचं काम नाही. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये २-३ व्होल्टच्या आत हवेत. त्या ऑफिसात न्यूट्रल-अर्थला वीसच्या वर दाखवत होतं. भरीला टेबलाखाली तीन पिनांचं दोन पिना करणारं ते दहा रुपयांचं अडॅप्टर. खड्ड्याचं काय, घरातल्या वायरिंगचं काय, ते अडॅप्टर सगळ्यांवर एका झटक्यात पाणी फिरवतं.

विजेचे आणखी दोन शत्रू थोडक्यात सांगतो. पहिला, ढिला न्यूट्रल. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल सुटला की एखाद्या फेजवर २३० च्या जागी ३०० च्या वरही व्होल्टेज येतो; दिवे अचानक लखलखले की पहिली धाव मेन स्विचकडे. दुसरा, वळवाचा पाऊस. मे महिन्यात संध्याकाळी ढग भरून येतात, वीज कडाडते आणि दुसऱ्या दिवशी दुकानात लॅन पोर्ट गेलेल्या बोर्डांची रांग लागते. लॅन पोर्टात एक इवलासा ट्रान्सफॉर्मर असतो, तो रोजची गळती अडवतो. गच्चीवरून आलेल्या ब्रॉडबँडच्या लांब केबलीत शिरलेला विजेचा झटका त्याला झेपत नाही. अशा बोर्डाला भंगारात काढू नका. स्लॉटमध्ये बसणारं नवं लॅन कार्ड काही शे रुपयांत येतं आणि बाकीचा बोर्ड पुढची चार वर्षं चालतो.

साधा ऑफलाइन यूपीएस या सगळ्यापासून वाचवतो असा समज आहे. वीज असते तोवर तो आत येणारी वीज जवळजवळ आहे तशीच पुढं ढकलतो. गेली की बॅटरीवर येतो, एवढंच. अर्थिंगची कसर तो भरून काढत नाही.

आता बदलायचं काय, ते ठरवू. बोर्ड एकटा बदलता येतो असं वाटतं, पण तो प्रोसेसर आणि रॅम यांच्याशी बांधलेला असतो. इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा सॉकेट ११५५ (२०११ चा), चौथ्या पिढीचा ११५०, सहाव्या-सातव्याचा ११५१. आठव्या-नवव्या पिढीचाही आकडा ११५१ च, पण बोर्ड एकमेकांना चालत नाहीत, आणि या सापळ्यात भले भले अडकलेत. दहावी-अकरावी १२००, बारावी ते चौदावी १७००. डीडीआर३ रॅम डीडीआर४ च्या स्लॉटात बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. म्हणून जुन्या पीसीला ‘फक्त बोर्ड’ हवा असेल तर जुन्याच जातीचा शोधावा लागतो. इंटेलनं ११५५ सॉकेटसाठीचा एच६१ चिपसेट कधीच बंद केला, तरी ‘नवे’ एच६१ बोर्ड दोन-अडीच हजारांच्या घरात सर्रास मिळतात. चीनमधून येणाऱ्या अशा बऱ्याच बोर्डांवर जुन्या बोर्डांवरून उतरवलेले चिपसेट असतात. मालकांचा बोर्ड याच जातीचा होता. माझं मत विचाराल तर असा बोर्ड फक्त तेव्हाच घ्यावा, जेव्हा पीसीला आणखी वर्षभर कसंबसं ढकलायचं असेल. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीखाली बसत नाही; जीएसटी आणि बँकेची कामं ज्या यंत्रावर होतात, त्याला हा मुद्दा लागू आहे. त्या ऑफिसात आम्ही बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही नवे घेतले. कॅबिनेट, मॉनिटर, एसएसडी जुने ठेवले. त्याआधी वायरमननं अर्थिंगचा खड्डा उकरून नवा भरला. तो खर्च बोर्डाच्या बिलात दिसत नाही म्हणून मालक कुरकुरले, ते चालायचंच.

अपवाद एका ठिकाणी करावा. चादरीच्या नक्षीची कार्डं पाडणाऱ्या पंचिंग मशीनला जोडलेले जुने पीसी सोलापुरात अजून दिसतात. जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमाराला भोकांच्या कार्डांवर माग चालवला, पुढं चार्ल्स बॅबेजनं तीच कार्डं आपल्या गणनयंत्रासाठी योजली. म्हणजे संगणकानं उचललेली ती कल्पना आपल्याकडे अजून मागावरच चाललीय. अशा पीसीत यंत्राचं कार्ड पीसीआय स्लॉटात असतं किंवा सॉफ्टवेअरची चावी पॅरलल पोर्टाला लागलेली असते, आणि आत विंडोज एक्सपी. नव्या बोर्डावर यातलं सहसा काहीच नसतं. इथं चिप लेव्हलवाल्याकडे जुना बोर्डच दुरुस्त करून घ्या. कपॅसिटर, मॉस्फेट, लॅनची चिप बदलणं ही प्रामाणिक कामं आहेत आणि टिकतात. मोठी चिप हीटगननं तापवून ‘चालू करून दिली’ असं कुणी म्हणालं तर मात्र सावध. शिसं नसलेल्या सोल्डरची फट तापवल्यानं तात्पुरती सांधते, काही आठवड्यांत पुन्हा उघडते.

प्रत्यक्ष बदलाचे कष्ट कमी आणि चुका जास्त असतात. जुना पीसी अधूनमधून चालू होत असेल तर तेवढ्यात तीन कामं उरका : डेटाची प्रत, डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की, कारण नवा बोर्ड दिसला की विंडोज ती मागतं आणि नसेल तर डिस्क उघडत नाही, आणि टॅलीचं लायसन्स सरेंडर करणं. ते राहून गेलं तर नव्या बोर्डावर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडतं, महिन्यातल्या मोजक्या तारखांच्याच नोंदी घेतं, आणि ऐन रिटर्नच्या आठवड्यात आपल्या खात्यावरून लायसन्स मोकळं करत बसावं लागतं. पीसीबरोबर आलेलं ओईएम विंडोज जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं, ते नव्यावर चालेल असं धरू नका. दुकानातून स्वतंत्र घेतलेलं मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडलेलं असेल तर हलवता येतं.

वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः बटण आणि दिव्यांच्या त्या बारीक पिनांचा. हात घालण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला स्पर्श करा. आपल्या कोरड्या हवेत अंगावर भरपूर स्थिर वीज साठते. इंटेलच्या सॉकेटात शेकडो स्प्रिंगसारख्या पिना बोर्डावरच असतात, त्यांना कापडाचा धागाही लागू देऊ नका. सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण जपून ठेवा, ते नसेल किंवा पिन वाकलेली असेल तर वॉरंटी नाकारली जाते. पेस्ट मुगाच्या दोन दाण्यांएवढी, मधोमध. मागची पत्र्याची पट्टी बोर्डाच्या आधी बसवा, नाहीतर सगळे स्क्रू आवळून झाल्यावर ती टेबलावर सापडते. आणि प्रोसेसरजवळचा तो पॉवर कनेक्टर पुन्हा एकदा बघा.

पहिल्यांदा चालू केल्यावर निळी स्क्रीन आली किंवा विंडोज सुरूच झालं नाही तर घाबरून विंडोज नव्यानं टाकायला घेऊ नका. बायोसमध्ये डिस्कचा मोड बदललेला असतो, एएचसीआयच्या जागी रेड; किंवा जुनं विंडोज लेगसी पद्धतीचं आणि नवा बोर्ड यूईएफआयचा. सेटिंग जुळवलं की विंडोज १० आणि ११ बहुधा स्वतःच नव्या बोर्डाचे ड्रायव्हर शोधून उभं राहतं. तारीख-वेळ बरोबर आहे ना, तेही बघा. ती चुकली की बँकेच्या आणि जीएसटीच्या साइट उघडत नाहीत आणि दोष इंटरनेटला जातो.

काढलेला बोर्ड दुकानात सोडायचा की घरी आणायचा? बिल वॉरंटीचं असेल तर दुकानात. नसेल तर मागून घ्या, तो तुमचा आहे. त्यावरचा प्रोसेसर आणि रॅम चालू असतील तर त्यांना किंमत आहे. अगदीच मेला असेल तर भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका. सोन्याच्या कणांसाठी असे बोर्ड उघड्यावर ॲसिडात बुडवले आणि जाळले जातात, आणि तो धूर कुणाच्या तरी वस्तीतच जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी अशा कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय. नोंदणीकृत संकलन केंद्रावर तो देता येतो.

(पुढील आठवड्यात : हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली की पहिल्या तासात काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही.)